हिवाळ्याचे माप बर्फ नव्हे

सातपुड्याच्या हिवाळ्याबद्दल दोन मते ठासून मांडली जातात. थंडीची लाट आली आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब, वालंबा परिसरात किंवा धडगाव तालुक्यातल्या तोरणमाळला पहाटेचे दव गोठले, की ‘सातपुड्यात बर्फ पडला’, ‘नंदुरबारचे मिनी काश्मीर’ असे मथळे आणि फोटो सगळीकडे फिरू लागतात. दुसरे मत डोंगर चढणाऱ्यांमध्ये आणि कॅमेरा बाळगणाऱ्यांमध्ये ऐकू येते. महाराष्ट्रात हिवाळी गिर्यारोहण असा प्रकारच नाही, बर्फ नाही तिथे हिवाळा कसला, डिसेंबरात जायचे तर उत्तराखंडात केदारकंठ्याला जावे, आणि इथले डोंगर जुलै-ऑगस्टात हिरवे असताना पाहावेत, असे हे मत. पहिले मत सातपुड्याला नसलेला बर्फ बहाल करते. दुसरे मत बर्फ नाही म्हणून हा हंगामच निकालात काढते. दोघांनीही हिवाळा बर्फाने मोजला आहे, आणि माप चुकल्यामुळे दोन्ही निष्कर्ष चुकले आहेत.

या मतांची तपासणी करायला सारंगखेडा ही फार सोयीची जागा आहे. शहादा तालुक्यातले हे तापीकाठचे गाव. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरातेतून घोडे येतात. गेल्या काही वर्षांत ‘चेतक फेस्टिव्हल’ या नावाने या बाजाराला पर्यटनाचे रूप मिळाल्यापासून कॅमेरेही मोठ्या संख्येने येतात. पण हे कॅमेरे बहुधा बाजारापुरते राहतात. गावाच्या उत्तरेला, मैदान संपते तिथे, सातपुड्याची रांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे, तिकडे फारच थोडे वळतात. तापीकाठची जमीन समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास आहे. तोरणमाळचे पठार सुमारे १,१५० मीटरवर आणि अस्तंभ्याचे शिखर १,३२५ मीटरवर आहे. कळसूबाईची १,६४६ मीटर उंची डोळ्यांसमोर ठेवणाऱ्याला हे आकडे लहान वाटतील. पण डोंगराचा चढ पायथ्यापासून मोजायचा असतो, आणि इथे पायथा जवळजवळ नदीच्या पातळीला आहे. मैदानातून हजार-अकराशे मीटर उठणारी ही रांग महाराष्ट्रातल्या कोणत्याही डोंगराइतकीच गांभीर्याने घ्यावी लागते.

आता पहिला दावा. सातपुड्यात बर्फ पडत नाही. आकाशातून हिम पडायचे तर ढग लागतात, आणि ढगापासून जमिनीपर्यंतची हवा शून्य अंशाच्या आसपास किंवा त्याखाली असावी लागते. उत्तर महाराष्ट्रावर हवेतली शून्य अंशाची पातळी ऐन हिवाळ्यातही अस्तंभ्याच्या शिखराच्या कितीतरी वर असते. शिवाय ज्या रात्री डाबला किंवा तोरणमाळला पांढरा थर दिसतो, त्या रात्री आकाश निरभ्र असते. ढग असते तर तो थर तयारच झाला नसता.

घडते ते असे. सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडू लागते. हवा कोरडी, वारा पडलेला आणि रात्र मोठी असली की ही उष्णता परत अडवणारे काही उरत नाही. गवताची पाती, पेंढ्याचा ढीग, गाडीचा टप, कौलांची कड हे पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षाही लवकर गार होतात. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर लाकडी पेटीत असतो. त्यात चार-पाच अंश नोंदले जात असतानाही गवताचे पाते शून्याखाली गेलेले असू शकते. मग त्यावरचे दव गोठते, किंवा हवेतली वाफ थेट स्फटिक होऊन त्यावर बसते. जवळून पाहिले तर हा थर सगळीकडे सारखा नसतो. पानाच्या कडेवर, शिरेवर आणि लवेच्या टोकांवर तो आधी आणि दाट धरतो, पानाचा मधला भाग बराच वेळ हिरवाच राहतो. पडलेल्या हिमाचे असे होत नाही, ते वरून येते आणि कड-मध्य असा भेद करत नाही. कोणत्याही ‘बर्फा’च्या फोटोची खातरजमा एवढ्या एका खुणेवरून होऊ शकते.

गार हवा जड असते. ती रात्रभर उतारावरून पाण्यासारखी वाहत खोलगट भागात साचते. म्हणून गोठलेले दव शिखरांवर क्वचित आणि डोंगरांनी वेढलेल्या बशीसारख्या जागांत वारंवार दिसते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याला दिसणारे हिमकण याच कारणाने तयार होतात. गावठाणापेक्षा तलावाकाठचे तापमान पहाटे काही अंशांनी खाली असते, हे तिथे दर हिवाळ्यात नोंदले जाते. गारपिटीचा थर ही आणखी तिसरी गोष्ट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारा पडल्या तेव्हा शेते पांढरी झाली होती, पण ते वादळी ढगांचे काम होते, थंडीचे नव्हे.

‘बर्फ म्हटले तर बिघडले काय, पर्यटक तरी येतील’ असा युक्तिवाद यावर होतो. बिघडते बरेच. काश्मीरच्या अपेक्षेने दुपारी पोहोचणाऱ्याला काहीच दिसत नाही, कारण सूर्य वर आल्यावर तासाभरात थर विरघळलेला असतो. तो फसवणूक झाल्याच्या भावनेने परततो आणि तशीच ख्याती पसरवतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ज्या रात्रीचे कौतुक होते, ती शेतकऱ्याच्या नुकसानीची रात्र असते. शहादा भागातल्या केळी आणि पपईला कडाक्याची थंडी सोसत नाही, केळीची वाढ खुंटते. डाबच्या बाजूला स्ट्रॉबेरी घेणाऱ्यांना गार हवामान हवे असते, पण गोठलेले दव फुलाला मारक ठरते. ‘मिनी काश्मीर’ या शब्दांत हे सगळे झाकले जाते. खरी गोष्ट सांगणारा फोटो काढणे अवघड नाही. पाते, पानाची शीर, शेजारी तापमापकाचा आकडा आणि वेळ एवढे पुरते.

दुसऱ्या मताचा पाया हिमालयात आहे, म्हणून ते हिमालयातच तपासले पाहिजे. हिवाळी गिर्यारोहणाचा आजचा अर्थ मोठ्या प्रमाणात पोलिश गिर्यारोहकांनी घडवला. आंद्रेज झावादा यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतले लेशेक चिखी आणि क्रिस्तोफ विएलित्स्की १७ फेब्रुवारी १९८० रोजी एव्हरेस्टवर पोहोचले. आठ हजार मीटरवरच्या शिखराची ती पहिली हिवाळी चढाई. शेवटचे उरलेले के-टू १६ जानेवारी २०२१ रोजी दहा नेपाळी गिर्यारोहकांनी सर केले. या चढायांना हिवाळी म्हणतात ते पंचांगावरून आणि हवेवरून. बर्फ तर त्या शिखरांवर बाराही महिने असतो, त्यामुळे बर्फाने ऋतू ठरवायचा म्हटले तर तिथे एकच ऋतू उरेल. हिवाळ्यात तिथे वेगळे काय असते, तर उंचावरचा प्रचंड वेगाचा पश्चिमी वारा, टोकाची थंडी आणि लहान दिवस. पूर्व आणि मध्य हिमालयात वर्षातला बहुतेक हिमवर्षाव तर मॉन्सूनमध्ये, जून ते सप्टेंबरात होतो. हिवाळा हा तिथला कोरडा काळ. वाऱ्याने कड्यांवरचे सैल हिम उडून जाते आणि निळसर कठीण बर्फ व खडक उघडा पडतो. काश्मीर, लडाख आणि पीर पंजालला पश्चिमी विक्षोभांमुळे हिवाळ्यात हिम मिळते हे खरे, पण ते हिमालयाच्या एका भागाचे वैशिष्ट्य आहे. त्या एका भागाचा नियम सातपुड्याला लावून ‘इथे हिवाळाच नाही’ म्हणणे म्हणजे एव्हरेस्टलाही हिवाळा नाकारण्यासारखे आहे.

हिवाळी चढाई आणि छायाचित्रण यांचे नाते जुने आहे. इटालियन गिर्यारोहक व्हित्तोरियो सेला यांनी १८८२ मध्ये मॅटरहॉर्न हिवाळ्यात ओलांडले, आणि पुढे काचेच्या मोठ्या प्लेटांवर पर्वतांची जी चित्रे घेतली ती आजही अभ्यासली जातात. १८९९ मध्ये ते कांचनगंगेभोवतीच्या मोहिमेत होते आणि १९०९ मध्ये के-टूच्या. कोरडी हवा, तिरपा प्रकाश आणि स्पष्ट सावल्या यांनी डोंगराचा आकार उघड होतो, ही समज त्या चित्रांत पदोपदी दिसते. त्यासाठी लागणारी हवा आणि प्रकाश सातपुड्यातही आहेत, किंबहुना सातपुड्याची मांडणीच हिवाळ्याला सोयीची आहे.

सारंगखेड्यासमोर येणारी सातपुड्याची बाजू दक्षिणाभिमुख आहे. गावाचे अक्षांश सुमारे २१.४ अंश उत्तर. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पूर्वेच्या सुमारे पंचवीस अंश दक्षिणेला उगवतो, दिवसभर दक्षिण आकाशातून जातो आणि माध्यान्हीलाही क्षितिजापासून ४५ अंशांवरच असतो. म्हणजे उगवतीपासून मावळतीपर्यंत या उतारांवर ऊन पडते, आणि सकाळ-संध्याकाळी ते अगदी आडवे येते. प्रत्येक सोंड उजळते, प्रत्येक नाळ काळी राहते, धारेमागे धार वेगळी काढता येते. मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत नेमके उलट असते. त्या दिवसांत सूर्याची क्रांती या अक्षांशापेक्षा जास्त असल्याने माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो, आणि दिवसभर उत्तरेच्याच बाजूने फिरतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उभ्या कड्याला तेव्हा थेट ऊन लागतच नाही, मग ढग असोत वा नसोत. पावसाळ्यातच सातपुडा पाहावा असे सांगणाऱ्यांनी या साध्या भूमितीचा विचार केलेला नसतो.

मैदानातही हेच. नंदुरबार-धुळे पट्ट्यात डाइकांचा मोठा समूह आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हाचे थर साचले, त्या काळात भेगांमध्ये घुसून थिजलेल्या लाव्हाच्या या उभ्या भिंती. भोवतालचा खडक झिजला आणि त्या शेतांच्या मधून लांबच लांब कण्यासारख्या वर राहिल्या. बहुतेकांची दिशा साधारण पूर्व-पश्चिम आहे. डिसेंबरात दहा मीटर उंचीच्या भिंतीची भर दुपारची सावलीसुद्धा दहा मीटर पडते, आणि दक्षिणेची बाजू प्रकाशात, उत्तरेची अंधारात अशी रेषा शेतांवर उमटते. जूनच्या दुपारी ही सावली जवळजवळ शून्य असते. सातपुड्याच्या सोंडेवरून टेलिफोटो लेन्सने मैदानाकडे पाहिले तर या रेषांवरून भूपृष्ठ कोणत्या दिशेने ताणले गेले आणि फाटले, याचा अंदाज बांधता येतो. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला नकाशावर शिकवावी लागणारी गोष्ट हिवाळ्यातला एक फोटो दाखवून देतो.

चंद्राच्या बाबतीत हिशोब उलटा आहे, आणि तोही हिवाळ्याच्याच बाजूने पडतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली, म्हणून पूर्णचंद्र उत्तरेला वर. दत्तजयंतीच्या सुमाराचा चंद्र सारंगखेड्यावर मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो, आणि रात्र तेरा तासांची असते. उघड्या पठारावर त्या प्रकाशात पायवाट दिसते. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून काही सेकंदांचे एक्स्पोजर दिले तर दरीच्या तळापर्यंतचा तपशील मिळतो. पावसाळ्यातल्या पौर्णिमा इथे बहुधा ढगात जातात, आणि त्या काळातला पूर्णचंद्र दक्षिणेकडून खालून सरकतो. यात्रेसाठी सारंगखेड्यात आलेल्या छायाचित्रकाराला वर्षातली सर्वांत उजळ रात्र आणि तोरणमाळचे पठार एकाच वेळी मिळत असते.

‘हिवाळ्यात डोंगर वाळलेले, करडे, त्यात टिपण्यासारखे काय’ हा आक्षेप सौंदर्याच्या नावाने येतो. हिरवा रंग म्हणजेच सौंदर्य असे त्याचे गृहीतक आहे. पावसाळ्यातला सातपुडा देखणा असतो, सीताखाईचा धबधबा तेव्हाच भरात असतो, यात वाद नाही. पण तेव्हा डोंगर ढगात असतो, आणि ढगाबाहेर येतो तेव्हा झाडोऱ्याखाली. खडकाचे थर, लाव्हाच्या एकेका प्रवाहाची जाडी, दोन प्रवाहांमधला लालसर मातीचा पट्टा, पाणी झिरपण्याच्या जागा हे सगळे गवत वाळल्यावर दिसू लागते. हिवाळ्यात रंग नसतात हेही खरे नाही. नोव्हेंबरातले गवत सोनेरी असते, जानेवारीत ते पांढरट होते. साग तांबूस होऊन पाने टाकतो. जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलते, मागोमाग पळस. खाली नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, आणि तो लाल रंग कोणत्याही डोंगरफुलापेक्षा गडद असतो. पावसाळ्यातल्या जाण्यायेण्याचीही गोष्ट सोडून चालत नाही. चांदसैली घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडणे हा तिथल्या गावांचा दरवर्षीचा त्रास आहे. ज्या रस्त्यावरून आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला अडचण येते, त्याच रस्त्यावर त्याच दिवसांत हौशी गाड्यांची गर्दी वाढवण्याची शिफारस करणे योग्य म्हणता येणार नाही.

धूसर हवेचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याला उत्तर देताना तो मान्य करूनच पुढे जावे लागते. हिवाळ्यात तापीच्या खोऱ्यावर सकाळी दुलई पसरते. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार राहते, त्यामुळे खालचा धूर, धूळ आणि नदीवरचे धुके वर जाऊ शकत नाही. मैदानात उभे राहून घेतलेला डोंगराचा फोटो म्हणूनच फिकट येतो. पण या थराला वरची सीमा असते, आणि डोंगर त्या सीमेच्या वर आहे. सातपायरी घाट चढून तोरणमाळच्या कड्यावर आले की तोच थर खाली पांढऱ्या सपाट पृष्ठासारखा दिसतो आणि त्यावरची हवा स्वच्छ असते. दहा-अकराच्या सुमाराला जमीन तापून हवा ढवळली जाते, थर फुटतो आणि धूसरपणा वरपर्यंत पसरतो. दुपारी दोन वाजता कड्यावर पोहोचून ‘हिवाळ्यात काही दिसत नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने वेळ चुकवलेली असते. अवकाळी पावसाची सर येऊन गेल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत स्वच्छ असतात. अशा वेळी तापीपलीकडच्या डोंगरांच्या कडाही धारदार दिसतात.

उरला तो चढाईचा प्रश्न. ‘बर्फ नाही म्हणजे चढाई नाही, नुसते चालणे’ असे म्हणणाऱ्याला सह्याद्रीतल्या प्रस्तरारोहणाचे वेळापत्रकच उत्तर देते. कोकणकडा, लिंगाणा, तैलबैला, जीवधनजवळची वानरलिंगी, खंडाळ्याची नागफणी या ठिकाणच्या दोरावरच्या चढाया पावसाळा संपून कातळ सुकल्यावर, मुख्यतः हिवाळ्यात होतात. १९५४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या गिरिविहारपासून पुण्याच्या गिरिप्रेमीपर्यंतच्या संस्थांनी आपली कातळावरची पिढी याच महिन्यांत घडवली. ओला बेसाल्ट शेवाळाने निसरडा असतो आणि पाण्याने सुटलेले दगड वरून येतात. थंड, कोरड्या कातळावर बुटाची पकड चांगली बसते आणि हात घामाने निसटत नाही. हिवाळा हा महाराष्ट्रातल्या गिर्यारोहणाचा मुख्य हंगाम आहे, अपवाद पावसाळी भटकंतीचा आहे.

सातपुड्यात तर हा हंगाम लोकांनीच ठरवलेला आहे. अश्वत्थाम्याच्या श्रद्धेने होणारी अस्तंभ्याची यात्रा धनत्रयोदशीच्या सुमाराला, म्हणजे पावसाळा सरून थंडी लागत असताना असते. तळोदा-कोठारच्या बाजूने असली, नकट्यादेव अशा टप्प्यांनी हजारो माणसे रात्रभर चालून शिखरावर जातात. तोरणमाळला गोरक्षनाथाची यात्रा महाशिवरात्रीला, थंडी ओसरताना. एका यात्रेने हंगाम उघडतो, दुसरीने तो आटोपतीला येतो. या दोन तारखांच्या मधला काळ चढाईचा आहे हे इथल्या माणसांना कुठल्याही क्लबने शिकवलेले नाही. ‘महाराष्ट्रात हिवाळी गिर्यारोहण नाही’ असे म्हणताना या यात्रेकरूंची चढाई मोजलीच जात नाही, कारण त्यांच्या पायात डोंगरी बूट नसतात आणि खांद्यावर दोर नसतो. अस्तंभ्याची रात्रीची वाट ज्याने पाहिली आहे तो ती मोजल्याशिवाय राहणार नाही.

या हंगामाचे धोके वेगळे आहेत आणि ते सांगितले पाहिजेत, कारण सोपे समजून आलेल्यांनाच ते भोवतात. वाळलेले गवत उतारावर झोपलेले असते आणि त्याखाली घसारा दडलेला असतो. उतरताना पाय सुटतो तो बहुधा अशाच जागी. कड्यांच्या पोटाला आग्या मोहोळे लटकलेली असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा आणि ड्रोनचा आवाज त्यांना उठवू शकतो, आणि दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. जानेवारीनंतर वरचे झरे आटू लागतात, म्हणून नकाशावरचा नाला पाण्याचा समजून चालू नये, गावात विचारून घ्यावे. डिसेंबरात सूर्य सातनंतर उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा असल्याने उलट फिरण्याची वेळ आधीच ठरवावी लागते. मुक्कामाबाबत तर उंची वाढेल तशी थंडी वाढते हा समज पहाटेच्या वेळी उलटा ठरतो. गार हवा तळाशी साचलेली असल्याने खोलगट माळापेक्षा सोंडेवरची आडोशाची जागा काही अंशांनी उबदार असते. हे जाणणारा नाल्याकाठी तंबू लावत नाही, आणि गोठलेल्या दवाचा फोटो हवा असेल तर पहाटे तेवढ्यापुरता खाली उतरतो. रात्रभर बाहेर राहिलेला कॅमेरा चुलीजवळ आणला की लेन्सच्या आतल्या काचेवरही वाफ धरते. तो बंद पिशवीत ठेवून हळूहळू गरम होऊ द्यावा. जंगलात ड्रोन उडवायला वन विभागाची परवानगी लागते, आणि ती अट मोहोळांकडे व पक्ष्यांकडे पाहिले तर योग्यच आहे.

हिवाळ्याच्या बाजूने इतके लिहिल्यावर हिवाळ्यातल्याच फोटोंमधल्या एका खोटेपणाचा समाचार घेतला नाही, तर प्रतिवाद अर्धवट राहील. सातपुड्यातल्या पाड्यांची या महिन्यांतली चित्रे ‘शांत’, ‘निवांत’, ‘काळ थांबलेला’ अशा ओळींखाली छापली जातात. कुडाच्या भिंती, बंद दार, अंगणात एखादी म्हातारी आणि दोन लहान मुले. ही शांतता निसर्गाने दिलेली नाही. दिवाळीनंतर धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतली असंख्य कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत व राज्याच्या इतर भागांत जातात आणि होळीला परततात. खरिपाचे एक पीक निघाल्यावर उतारावरच्या कोरडवाहू शेतीत काम उरत नाही, तेव्हा घरातली कामाची माणसे उसाच्या फडात असतात. बंद दाराचा फोटो हा स्थलांतराचा पुरावा आहे. त्याखाली ‘निवांत सातपुडा’ लिहिणाऱ्याने प्रकाश बरोबर टिपला असला तरी विषय चुकवला आहे. हाच छायाचित्रकार होळीला काठी गावच्या राजवाडी होळीत सजलेल्या बावा-बुध्या नर्तकांभोवती गर्दी करतो, तेव्हा त्याच्या चौकटीत येणारी माणसे फडावरून परतलेली असतात. दोन्ही फोटो शेजारी ठेवले, तारीख आणि पाड्याचे नाव लिहिले, आणि फोटो काढण्याआधी माणसाला विचारले, तर सातपुड्याचा हिवाळा पुरा सांगितला जाईल. घोडेबाजारात मालकाला विचारल्याशिवाय घोड्याजवळ जाऊ नये हे कॅमेरेवाले लवकर शिकतात. पाड्यावर तेवढीच रीत पाळण्यात अवघड काही नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेला येणाऱ्यांना डोंगराकडे वळवायचे असेल, तर त्यासाठी बर्फाच्या अफवेची गरज नाही. शहाद्याहून म्हसावद, राणीपूरमार्गे तोरणमाळला रस्ता जातो. कड्यावर पहाटे पोहोचण्याची सोय, स्थानिक तरुणांमधून वाटाडे, पाण्याच्या जागांची आणि मोहोळांची माहिती, आणि डाब व तोरणमाळ येथे जमिनीलगतच्या तापमानाची रोजची नोंद एवढ्या गोष्टी उभ्या राहिल्या तर हंगाम आपल्या पायावर उभा राहतो. ही नोंद शेतकऱ्यालाही उपयोगी आहे आणि मथळा लिहिणाऱ्यालाही.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात हा हंगाम आवरता घ्यावा लागतो. दुपारचे ऊन चढते, धूसरपणा सकाळीही वरपर्यंत राहू लागतो, सागाचा पाचोळा गुडघ्याएवढा साचतो आणि वणव्यांची सुरुवात होते. मार्चमध्ये मोहाची फुले वेचण्याचे दिवस येतात, तेव्हा झाडाखालचा पाचोळा जाळला जातो आणि आग कधी कधी उतारावर पसरते. कोरड्या गवताच्या धारेवर अडकलेल्या माणसाला अशा वेळी दोन्ही बाजूंनी वाट उरत नाही. होळीनंतर वरच्या धारांवरच्या चढाया थांबवाव्यात, आणि त्या पुन्हा सुरू कराव्यात त्या पावसाळा सरून नाले ओसरल्यावर, अस्तंभ्याच्या यात्रेच्या सुमाराला.